एक्केचाळीस नकार

१. संशोधकाचे नाव, हुद्दा व विषय

एर्मेते कोलान्जेलो. सहयोगी प्राध्यापक. मृदाशास्त्र, म्हणजे माती.

या फॉर्मात प्रत्येक उत्तराला पाच ओळी दिल्या आहेत. मी एकोणीस वर्षं शिकवतो आहे, पाच ओळींत माझी हजेरीसुद्धा घेऊन होत नाही. तेव्हा उत्तर जिथे संपेल तिथे संपेल. मध्ये पुढचा प्रश्न आलाच, तर त्याने जरा सरकून बसावं.

२. संशोधनाचा उद्देश

अब्रू वाचवणं.

आता हेच विद्यापीठाच्या भाषेत सांगतो. फेब्रुवारीत आमचे विभागप्रमुख त्रामुतोला मला स्वतःहून कॉफीला घेऊन गेले. त्रामुतोला कॉफी पाजतात तेव्हा समोरच्याचं काहीतरी जाणार असतं. मागच्या वेळी माझी खिडकीवाली खोली गेली होती.

"एर्मेते, तुझा विषय सक्तीचा का आहे, असं वरून विचारतायत," ते म्हणाले.

"कारण शेती जमिनीवर होते."

"ते मला कळतं रे. वरच्यांना आकडा लागतो. मुलं तुझ्या वर्गात बसून काहीतरी शिकतात, याचा आकडा."

मग त्यांनी कपातली साखर ढवळत सगळं सांगितलं. विद्यापीठाने नवा अध्यापन संशोधन कक्ष काढला होता. प्रत्येक शिक्षकाने आपल्याच वर्गावर संशोधन करायचं: मुलं काय शिकतात, कशी शिकतात, वर्गात बसून त्यांना काय वाटतं. जुलैअखेर समितीसमोर अहवाल मांडायचा. समिती तीसपैकी गुण देणार. चोवीस किंवा वर मिळाले तर विषय सक्तीचा राहील. त्याहून कमी मिळाले तर ऐच्छिक होईल, आणि वेळापत्रकात त्याची जागा बुधवारी अकरा वाजता, वाइन चाखण्याच्या वर्गाच्या नेमक्या त्याच वेळेला.

माझ्या मुलांवर माझा पूर्ण विश्वास आहे. ती वाइनच घेतील. त्यांच्या वयात मीही तीच घेतली असती.

३. संशोधनाची पद्धत

अगदी सोपी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला दहा तोंडी प्रश्न विचारायचे आणि तीसपैकी मार्क द्यायचे. शेवटच्या आठवड्यात तेच दहा प्रश्न, पुन्हा मार्क. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरतं ते माझं कर्तृत्व.

माझी बायको ओर्नेल्ला औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे लोकांच्या योजना कुठे जाऊन बिघडतात याचा तिला अनुभव आहे.

"मार्क कशाला देतोस? नुसते प्रश्न विचार," ती शेंगा सोलत म्हणाली.

"मार्कांशिवाय वजाबाकी कशाची करू?"

"मग मनातल्या मनात दे. त्यांना सांगू नकोस."

"ओर्नेल्ला, हे शास्त्र आहे. यात लपवाछपवी चालत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि शेंगांकडे वळली. एवढ्या लवकर ती "बरं" म्हणते तेव्हा मी खरं तर दोन दिवस अंथरुणातून उठू नये.

४. सहभागी व्यक्तींची सुरक्षितता

कक्षाचा फॉर्म वैद्यकीय शाखेकडून उसना आणलेला आहे हे मला कक्षाच्या कचेरीत कळलं. तिथे डॉक्टर याकोवोनेबाई बसतात. (बाई हे वाचतीलच. बाई, मनात काही ठेवू नका, हे सगळं जुलैच्या आधीचं आहे.) पहिल्या दिवशी त्यांनी अर्ज परत केला, कारण त्यावर सरकारी तिकीट नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत केला, कारण तिकीट होतं पण तारखेवर डकवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"एक्केचाळीस नमुने," त्या म्हणाल्या. "कशाचे?"

"विद्यार्थ्यांचे."

"तुम्ही मातीचे ना?"

"विषय मातीचा. नमुने विद्यार्थ्यांचे."

"साठवणार कुठे?"

"साठवणार नाही. ते आपापल्या घरी जातात."

"तापमानाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, प्रोफेसर."

मी लिहिलं: खोलीचं. त्यांनी विचारलं, प्रयोग संपल्यावर नमुन्यांची विल्हेवाट कशी लावणार. मी लिहिलं: तिसऱ्या वर्षाला पाठवणार. शिक्का बसला. एवढ्या यशाने माणसाचं डोकं फिरतं, आणि माझं फिरलं.

५. प्राण्यांवर प्रयोग केले आहेत का?

नाही. जागा उरली आहे म्हणून पहिल्या चाचणीची हकिगत इथेच सांगतो.

आमच्याकडे परीक्षा तोंडी होते. दार उघडं असतं, कुणीही येऊन मागे बसावं. प्रोफेसर आकडा सांगतो आणि मग मुलाच्या तोंडाकडे बघतो, कारण आकडा अजून त्याचा झालेला नसतो. मुलगा "घेतो" म्हणाला की आकडा नोंदला जातो. "घेत नाही" म्हणाला की तो कधी उच्चारलाच नव्हता असं सगळे धरून चालतात, आणि मुलगा पुढच्या फेरीला पुन्हा येतो. हा हक्क आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. मी स्वतः विद्यार्थी असताना रसायनशास्त्रात एकवीस, तेवीस आणि पुन्हा एकवीस नाकारले होते, आणि त्या तिन्ही दिवशी घरी ताठ मानेने जेवलो होतो.

तर पहिला आला रोक्को पिएत्राफेसा. हा आमच्याच इमारतीतला, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. मी विचारलं, चिकणमातीला उन्हाळ्यात भेगा का पडतात. तो म्हणाला, उकडतं म्हणून. बाकीची नऊ उत्तरंही याच वळणाची होती. अजून काही शिकवलंच नव्हतं, तेव्हा मी मनातून खूश होतो. जितकं खाली, तितकी वजाबाकी मोठी.

"सात," मी प्रेमाने म्हणालो.

"घेत नाही," रोक्को म्हणाला.

"अरे, ही परीक्षा नाही. हे संशोधन आहे. हे सात कुठेही जाणार नाहीत."

"मग दिले कशाला?"

एवढं विचारून तो उठून गेला, उत्तरासाठी थांबलाही नाही. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुलांनी नकार दिला. एकाला अकरा मिळाले होते. सबंध वर्गात तो पहिला होता. त्यानेही नाही घेतले.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी प्रतिनिधी ग्रात्सियाना सुम्मा माझ्या खोलीत आली. ही मुलगी शेतकीला चुकून आली आहे. तिच्या पिशवीत विद्यापीठाची नियमावली असते आणि त्यात रंगीत चिठ्ठ्या असतात.

"प्रोफेसर, नाकारलेले मार्क वापरता येत नाहीत. नियम चौदा. पुढची फेरी कधी?"

"कसली फेरी? हे अभ्यास सुरू व्हायच्या आधीचं मोजमाप आहे. आधी म्हणजे आधी. त्याची दुसरी फेरी कशी होईल?"

"ते तुम्ही बघा. पुढचा गुरुवार चालेल का?"

६. अपेक्षित अडचणी

एकच अपेक्षित होती, आस्सुंताबाई. रोक्कोची आई. ती दुसऱ्याच दिवशी जिन्यात भेटली, हातात वाळवलेल्या मिरच्यांची माळ घेऊन.

"प्रोफेसर, माझ्या पोराला सात?"

"बाई, ते मोजले जात नाहीत."

"मोजले जात नाहीत तर मोजायचे कशाला? बरं, या मिरच्या ठेवा."

"मी घेऊ शकत नाही. संशोधन चालू आहे."

"मिरच्यांचा काय संबंध? दर वर्षी घेता की."

खरंच घेतो. पण त्या दिवशी मी शास्त्रज्ञ होतो. मी नाही म्हटलं, आणि इमारतीत अशी बातमी झाली की कोलान्जेलोने पिएत्राफेसांच्या मिरच्या परत केल्या, म्हणजे पोराचं काही खरं नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मला दारात थांबवून सल्ला दिला की सगळ्यांना सुरुवातीलाही तीस द्यावेत आणि शेवटीही तीस, म्हणजे कुणाचंच मन दुखत नाही. मी म्हटलं, मग वजाबाकी शून्य येईल. ते म्हणाले, "चाळीस वर्षं टपालखात्यात आम्ही दुसरं काय केलं?"

७. अनपेक्षित अडचणी

मुलांनी अभ्यास केला.

हे कुठल्याही संशोधकाच्या बाबतीत होऊ नये. एकोणीस वर्षांत परीक्षेच्या आदल्या आठवड्याखेरीज ज्यांनी पुस्तक उघडलं नाही, त्या जातीच्या मुलांनी "काहीच येत नाही" हे मोजण्याच्या चाचणीसाठी ग्रंथालयातली मृदाशास्त्राची चारही पुस्तकं उचलली. गुरुवारी सरासरी आली एकोणीस. पंचवीस जणांनी जागेवर नकार दिला. सोळा जण म्हणाले, घरी विचारून सांगतो. घरच्यांनी नकार दिला.

तिसऱ्या फेरीला सरासरी सत्तावीस. सगळ्यांनी घेतले. हस्तांदोलनं झाली. रोक्कोला सव्वीस मिळाले, त्याने भेगांचं असं काही वर्णन केलं की मला माझ्या पाठ्यपुस्तकाची पानं समोर उलटताना दिसली.

रात्रीचं जेवण करताना माझ्या लक्षात आलं.

"ओर्नेल्ला, सुरुवातीलाच सत्तावीस झाले. मी अजून फळ्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही."

"मग आता काय शिकवणार?"

"तेच."

"आणि तीसच्या वर जाता येतं का?"

"नाही."

तिने पाव पुढे सरकवला. काही बायका अशा वेळी हसतात. ओर्नेल्लाने नुसतं विचारलं, की वाइन चाखण्याचा वर्ग बाहेरच्यांनाही खुला आहे का.

८. मिळालेली माहिती, तक्त्याच्या स्वरूपात

शिकवण्यापूर्वी: सत्तावीस.
शिकवल्यानंतर: चोवीस.

तक्ता संपला. त्याखाली काय लिहायचं हे मी तीन दिवस शोधत होतो. तीन महिने मी मन लावून शिकवलं, आणि आकड्यांच्या हिशोबाने प्रत्येक मुलाच्या डोक्यातून तीन मार्कांची माती बाहेर काढली. कारण उघड होतं: घोकलेलं विसरलं, शिकवलेलं बसलं नाही. पण उघड कारण समितीपुढे मांडायचं नसतं. त्रामुतोलांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय, आकडा आला का?" मी म्हटलं, येतोय. ते म्हणाले, "बुधवारच्या वाइनच्या वर्गाची खोली मोठी आहे हो. तुला मागच्या बाजूला बसायला जागा मिळेल."

मला वाचवलं ते मुलांनी, आणि तेही न ठरवता. सत्तावीस घेतलेला माणूस चोवीस कशाला घेईल? एक्केचाळीस जणांनी नकार दिला. जूनमध्ये पुढची फेरी, पंचवीस. नकार. जुलैच्या सुरुवातीला पुढची.

९. वापरलेली उपकरणे

फावडं, एक. आस्सुंताबाईंच्या स्वयंपाकघरातला व्हिनेगर, दीड बाटली.

याचा खुलासा असा. दुसऱ्यांदा घोकायचा मुलांना कंटाळा आला होता. मी फेरीच्या दिवशी खोलीत बसलेलो असायचो आणि बाहेर बाकांवर त्यांची भांडणं चालायची. एक म्हणायचा, आमच्या शेतात पाणी साचतं. दुसरी म्हणायची, मग तुमच्याकडे खाली घट्ट थर असणार. तो म्हणायचा, तू आमचं शेत पाहिलंस का? ती म्हणायची, तू तरी खणून पाहिलंस का? मला दाराबाहेर जाऊन मध्ये बोलायचा मोह व्हायचा, पण मी गेलो की ती गप्प बसायची. एकोणीस वर्षं मी समजत होतो की आमची मुलं अबोल आहेत.

मग एका शनिवारी सकाळी आस्सुंताबाईचा आवाज अंगणातून आला. मी खिडकीतून पाहिलं. जास्वंदीच्या शेजारी कमरेएवढा खड्डा, त्यात रोक्को उभा, आणि काठावर गाउनमध्ये त्याची आई.

"आई, हा वरचा काळसर थर बघ. इथे सगळं सडून मुरलेलं असतं. खाली पांढुरकं दिसतं ना, तो चुना. आता बघ." त्याने ढेकळावर व्हिनेगर ओतला. ढेकूळ फसफसलं.

"माझा सॅलडचा व्हिनेगर तो."

"म्हणून तुझी जास्वंद पिवळी पडते. तिला हा चुना सोसत नाही."

आस्सुंताबाई खाली वाकली. "मला वाटायचं, पोस्टमास्तर कुत्र्याला तिथे नेतात म्हणून."

चुन्याचा धडा मी दर वर्षी दोन तास घेतो. त्या दोन तासांत आजवर कुणी खाली वाकलेलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर.

संध्याकाळी पोस्टमास्तरांचा पाय त्याच खड्ड्यात गेला. पाय वाचला, चप्पल गेली. इमारतीची सभा भरली. सगळे रहिवासी जिन्यात उभे, मी पहिल्या पायरीवर. ठराव झाला की प्रोफेसर कोलान्जेलो यांनी आपलं संशोधन विद्यापीठाच्या हद्दीत ठेवावं. मी म्हटलं, खड्डा मी खणलेला नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "शिकवलं कोणी?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर शिकवल्याचा आरोप झाला, आणि नेमका मी तो नाकारत होतो.

१०. परिणाम

जुलैची ती फेरी, म्हणजे शेवटची: साडेसव्वीस. एक्केचाळीस नकार.

एकोणतीस जुलैला मी समितीसमोर उभा राहिलो. तिघं सभासद, मध्ये त्रामुतोला, कडेला इतिवृत्त लिहायला याकोवोनेबाई. पंखा होता, पण तो समितीच्या बाजूचा होता. दार रीतीप्रमाणे उघडं, आणि मागे एक्केचाळीस मुलं बसलेली. सुट्टी लागली असताना ती का आली, हे मी त्यांना विचारलं नाही. मला वाटतं, आमच्याकडे कुणाचीही परीक्षा असली की लोक येतात.

"सुरुवातीला सत्तावीस," त्रामुतोलांनी कागद वर धरला. "आणि शेवटी?"

"शेवट अजून कुणी घेतलेला नाही."

"म्हणजे आकडा नाही."

"सहा आकडे आहेत. स्वीकारलेला एक."

"एर्मेते, उद्या मला कुणी विचारलं की हा माणूस नक्की काय शिकवतो, तर मी काय दाखवू?"

मला खड्डा आठवला, पण तो समितीपुढे कसा मांडायचा ते कळेना. त्याचं एककच माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "मुलं बाहेर बाकावर भांडतात."

एक सभासद हसला. तिघांची डोकी जवळ आली आणि लांब झाली.

"बावीस," त्रामुतोला म्हणाले.

बुधवार, अकरा वाजता. सक्तीच्या विषयांतून एकोणीस वर्षं एका आकड्याने पुसली जाणार होती, आणि तो आकडा याकोवोनेबाईंच्या पेनाच्या टोकाशी आला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशी पद्धतच आहे, आकडा ऐकवल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि मी, वय वर्षं त्रेपन्न, गळ्यात टाय, म्हणालो:

"घेत नाही."

"काय घेत नाहीस?"

"बावीस. पुढच्या फेरीला येतो."

"अरे, तू प्रोफेसर आहेस."

मागे चिठ्ठ्यांची सळसळ झाली. ग्रात्सियाना उभी होती. "नियम चौदात 'परीक्षार्थी' असं लिहिलंय, साहेब. वय लिहिलेलं नाही, हुद्दाही नाही."

"ही परीक्षा नाही. हा आढावा आहे."

"मग मार्क दिले कशाला?" रोक्कोने बसल्या जागेवरून विचारलं.

त्रामुतोला याकोवोनेबाईंकडे वळले. बाईंनी शांतपणे नियमावली उघडली, चष्मा बदलला, पान वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं. ज्या बाईने तिकिटाच्या जागेवरून मला दोनदा घरी पाठवलं, तिच्या काटेकोरपणावर त्या क्षणी माझं प्रेम बसलं. (ओर्नेल्लाला हे सांगितलेलं आहे.)

"तीसपैकी आकडा दिला, समोर ऐकवला, दार उघडं होतं," बाई म्हणाल्या. "परीक्षाच झाली ही. नकार आला, तेव्हा नोंद होत नाही. पुढची फेरी नऊ सप्टेंबर. तोवर विषय आहे तसा सक्तीचा."

"याने पायंडा पडेल, बाई."

"पडलाय, साहेब. इतिवृत्तात लिहून टाकला."

११. निष्कर्ष

बाहेर मुलांनी मला घेरलं. मला वाटलं, अभिनंदन करतील. मी तसा चेहराही केला होता.

"प्रोफेसर, राग येणार नसेल तर सांगते," ग्रात्सियाना म्हणाली. "बावीस जरा सढळ हाताने दिले."

"म्हणजे?"

"तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मी मोजलंय, मध्ये दोन सेकंद."

"आणि फळ्याशी बोलता," मागून कुणीतरी म्हणालं.

"भेगांवर पाऊण तास बोललात," रोक्को म्हणाला. "एक भेग दाखवली असती तर घरी लवकर गेलो असतो."

"तुम्ही चुकलेल्या उत्तराला 'बरं' म्हणता. आम्हाला वाटतं बरोबर आहे."

"पहिल्या रांगेतल्यांचीच नावं तुम्हाला येतात."

मी बाकावर बसलो आणि अहवालाच्या पाठीमागे लिहायला लागलो. कागद संपला तेव्हा कुणीतरी आपल्या वहीचं पान फाडून दिलं. मुलांना वर्गात बसून काय वाटतं, हा कक्षाने पहिल्याच पानावर विचारलेला प्रश्न होता. मी सहा महिने त्यांना चिकणमातीबद्दल विचारत बसलो होतो.

"मग तुम्ही किती द्याल?" मी विचारलं.

ती सगळी खिडकीपाशी गेली. डोकी जवळ आली, बोलणं झालं, दोघांत थोडी वादावादीही झाली. मग ग्रात्सियाना परत आली, घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता, हुबेहूब माझ्यासारखं, म्हणाली:

"अठरा."

म्हणजे जेमतेम पास. तिने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सगळेच बघत होते.

"घेऊ का?" मी विचारलं.

"नका घेऊ, प्रोफेसर," रोक्को म्हणाला. "तुम्हाला याच्यापेक्षा जास्त येतं. ऑगस्टभर बसा जरा, आणि नीट तयारी करून या."